डब्यातला रोहू

धामनोदहून धारला जाताना बसमध्ये शेजारच्या सीटवरचे काका मांडीवरच्या डब्यातलं पाणी हाताने सारखं हलवत होते. आत जिवंत रोहू मासा होता.

"आमच्या तलावात माशांना उवा पडल्यात, भिया. रोज मरतायत. मागच्या वेळी मछली विभागाच्या साहेबांकडे मेलेला नेला, तर उवा वाटेतच उतरून गेल्या. साहेब म्हणे, रोग कुठाय? म्हणून आता जिवंतच नेतोय; पाणी हलवत राहिलं तरच जगतो."

खाज सुटली की मासे तलावात रोवलेल्या बांबूला कसं अंग घासतात, ते त्यांनी सीटला खांदा घासून दाखवलं. मी लगेच त्यांची नक्कल केली. अख्खी बस हसली.

"हस, हस. त्यांना खाजवायला हात तरी आहेत का?"

मग मी गुपचूप डब्यात हात घातला आणि धारपर्यंत पाणी हलवत बसलो.

उतरताना काका डब्यात वाकून ओरडले, "जिंदा आहे! उवा पण आहेत!"

उवा बघून एवढा खूश झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.