राक्षसांना चहा

बंदुकीची किटली करून दाखवणारा माणूस अख्ख्या नाशिकमध्ये एकच झाला आणि तो माझा मोठा मामा. भाची म्हणून कौतुकाने सांगत नाही. मला मोघम बोलायची सवय नाही. किराण्यापासून लग्नाच्या आहेरापर्यंत सगळ्याची यादी करणारी बाई मी, त्यामुळे मामांचंही क्रमानेच सांगते.

मामा सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. कुठलीही वस्तू आतून पाहिल्याशिवाय ती आपली झाली असं त्यांना वाटायचंच नाही. नवा मिक्सर आला की आधी तो वर्तमानपत्रावर सुटा होऊन पडायचा आणि मग कधीतरी चटणी व्हायची. मामीच्या माहेरचं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी इतक्यांदा उघडलं की ते शेवटी मामांच्याच मर्जीने चालू लागलं. दुसरी खोड म्हणजे ड्यूटी सुटल्यावर एकट्याने घरी येणं त्यांना जमायचं नाही. कुणी वेल्डर, कुणी टर्नर, कुणी स्टोअरचा माणूस सोबत असायचाच. मामी दार उघडता उघडता डोकी मोजायची आणि तशीच वळून आधण ठेवायची. “अहो, कारखाना सातपूरला आहे की माझ्या ओट्यावर?” असं कुरकुरायची खरी, पण कुणाला आलं घालून, कुणाला बिनसाखरेचा आणि कुणाला बशीत ओतूनच, हे तिला तोंडपाठ होतं.

नव्वदचं दशक संपता संपता कारखाना बंद पडला. माणसं आपापल्या गावी गेली, कुणी निफाडला बागेत, कुणी वणीला दुकानात. घराची बेल वाजेनाशी झाली. मामी सवयीने मोठं पातेलं चढवायची आणि मग निम्मं पाणी मोरीत ओतून द्यायची. मामा हे बघायचे आणि पेपरात डोकं घालायचे. मग एक दिवस त्यांनी कॉम्प्युटर आणला. मामीने त्या पांढऱ्या खोक्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “हा चहा घेतो का?” घेत नाही म्हटल्यावर ती त्या खोलीत पाऊल ठेवेना.

कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने त्यात एक गेम फुकट टाकून दिला होता. अंधारे बोळ, समोरून शिंगंवाले राक्षस आणि खाली आपल्या हातात बंदूक. मामा दिवसभर धडाधड गोळ्या झाडायचे. श्रावण लागला तशी मामी उंबऱ्यावर येऊन उभी राहिली.

“श्रावणात माझ्या घरात हत्या चालणार नाही.”

“अगं, खरी का आहे ती?”

“आवाज खरा आहे ना? सोमवारचा उपास आणि तुमच्या खोलीतून किंकाळ्या. काय म्हणतील शेजारी?”

दुसऱ्या कुणीही महिनाभर गेम बंद ठेवला असता. मामांनी तो मिक्सरसारखा उघडला. आत चित्रांच्या आणि आवाजांच्या वेगवेगळ्या फाइली आहेत, त्या बदलल्या की गेमही बदलतो, असा शोध त्यांना लागला. पहिल्याच दिवशी मूळ फाइलवरच काम करून त्यांनी सगळा गेम बंद पाडला. तेव्हा मी त्यांना एक नियम घालून दिला, “मामा, आधी नक्कल, मग कारागिरी.” तो त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावण्याआधी वीज बंद करावी इतक्या निष्ठेने पाळला. पुढे ते सायबर कॅफेत जाऊन परदेशातल्या गेमवेड्या पोरांना प्रश्न विचारू लागले. प्रत्येक प्रश्नाची सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’ने आणि शेवट ‘युवर्स ओबीडियंटली’ने. ती पोरं गोंधळायची, पण उत्तरं झकास द्यायची. चहाच्या रंगावर तर आठवडा गेला. त्या गेमला ठरावीकच रंग चालत, त्यात रक्ताच्या दहा छटा आणि चहाची एकही नाही. मामांचा पहिला चहा हिरवा झाला, दुसरा गुलाबी. शेवटी गेममधल्या एका गंजक्या पिंपाचा रंग त्यांना पसंत पडला. “दूध थोडं कमी आहे,” ते म्हणाले, “पण चालेल.”

तर बंदुकीच्या जागी किटली आली आणि गोळीच्या जागी कपबशी. कप मिळाला की राक्षस खाली बसायचा. चहा न मिळता तुमच्यापर्यंत पोचला तर पडद्यावर ‘पाहुणे रुसले’ अशी पाटी यायची आणि खेळ संपायचा. श्रावण संपला, भाद्रपद आला, तरी बंदूक काही परत आली नाही. मामांना अडचण वेगळीच होती. ज्या बाईसाठी हे सगळं केलं, ती उंबरा ओलांडत नव्हती. “गेममध्ये ‘या, बसा’ तुझ्या आवाजात हवंय,” असं त्यांनी विनवून पाहिलं. “मी राक्षसांना बसा म्हणू?” म्हणून तिने कणीक तिंबायला घेतली.

मग मामांनी कारखान्यातल्या निरोपसमारंभाचा ग्रुप फोटो फोटोवाल्याकडून कॉम्प्युटरवर चढवून आणला आणि एकेका राक्षसाला एकेक चेहरा बसवला. शिंगं तेवढी काढता आली नाहीत. त्या दिवशी मी तिथेच होते. मामी कोथिंबीर निवडत दारातून नुसती डोकावली आणि थबकली.

“अहो, हे निफाडचे वेल्डर ना?”

“तेच.”

“मग त्यांना कप काय देताय? ते बशीतून पितात!” असं म्हणत ती आत आली आणि कोथिंबिरीच्या हातानेच खुर्ची ओढून बसली. “आणि हे मागचे, यांना साखर चालत नाही. सरका तुम्ही, तुम्हाला काही कळत नाही.” त्या संध्याकाळी मामांनी मायक्रोफोन तिच्यापुढे धरला. पहिल्यांदा लाजली, मग अशा काही सुरात “या, बसा” म्हणाली की मामा टेबलाखाली वायर शोधायला वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

पुढच्या हंगामात खरे वेल्डर द्राक्षांची पाटी घेऊन आले. स्वतःला पडद्यावर पाहून म्हणाले, “वहिनी, शिंगं लय शोभत्यात मला. पण च्या लय उशिरा दिला बरं का यानं.” मामी हसत हसत आत गेली. मोठं पातेलं फडताळातून खाली आल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

आता मामा नाहीत. तो पांढरा खोकाही कधीच बंद पडला आणि माझ्या लॅपटॉपवर तो गेम काही केल्या चालत नाही. मध्ये मामीकडे गेले तेव्हा मी पुन्हा एकदा खटपट करून पाहिली. पडदा काळाच राहिला. मामी शेजारी बसून बघत होती.

“ते सगळे तसेच उभे असतील का गं आत?” ती म्हणाली. “चहावाचून?”

मी लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकघरात गेले. “मामी, दोन कपच ठेवू ना?”

बाहेरून आवाज आला, “ठेव थोडा जास्त.”