आखाजीला सुटलेली शपथ

आधीच सांगून टाकते. भुताखेतांच्या गोष्टी कुणी सुरू केल्या की जांभया देणाऱ्यांपैकी मी. नाशकाकडची, व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवी, पास झालेली. अंगात आलेल्या बायकांना तोंडावर हसलेय आणि त्यापायी शिव्याही खाल्ल्यात. त्यामुळे पुढचं वाचून "आजीबाईंचं वय झालं" असं म्हणू नका... हे घडलं तेव्हा मी विशीचीही नव्हते आणि हातात पोळीचं ताट घेऊन तिथंच उभी होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. गाव नंदुरबार, जिल्हा तेव्हाचा पश्चिम खानदेश. स्टेशनकडून मिरचीबाजारात शिरताना डाव्या हाताला माझ्या सासऱ्यांचं शिवणकामाचं दुकान, मागे दोन खोल्या, परसात एक कडुनिंब. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात सासरे, मी आणि हे. शेजारी सुरतेकडच्या चंपाबेन. त्यांचा दीर मगनभाई पार फिजी बेटांवर, सुव्हा नावाच्या शहरात कपडे शिवायचा. त्यानं बोलावलं म्हणून हेही बोटीनं तिकडे निघाले.

सासरे सोन्यासारखे, पण हट्टी. निघायच्या दिवशी त्यांनी यांचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "रघ्या, तठे कोनाबी परक्याना हातनं खाऊ नको. मन्ही शपथ शे तुले!"

आता यांना स्वयंपाक म्हणजे... डोळे मिटून सुईत दोरा ओवतील, पण तांदूळ शिजायला पाणी लागतं हे त्यांना मीच सांगितलेलं!

चारेक महिन्यांनी मगनभाईचं पत्र आलं. गुजरातीत होतं, म्हणून चंपाबेननी ते वाचून दाखवलं. लिहिलं होतं की इथं खाण्याची चंगळ आहे. चिन्याकडे सकाळी गरम पाव मिळतो, पंजाब्याकडे डाळ-रोटी मिळते, मद्राशाकडचा भात तर विचारू नका. बाजारामागे एका म्हातारीची खानावळ आहे. तिचे आईबाप गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, उसाच्या मळ्यात आलेले. "पण तुमचा रघुनाथ केळी आणि चहावर जगतोय. दोनदा दुकानात चक्कर येऊन पडला. जेव म्हटलं की म्हणतो, बाबांची शपथ आहे."

मी परसात जाऊन रडले, खोटं कशाला सांगू.

शपथेचं तर सगळ्यांना माहीत आहे. ज्यानं घातली त्यानंच तोंडानं 'सुटली' म्हणायचं, तरच ती सुटते. पत्र पोचायला दीड-दोन महिने! मी तार करा म्हटलं, तर सासरे म्हणाले, "तोंडनी शपथ तारवर सुटस का?"

आणि आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात दिवाळीच्या तोडीस तोड. गल्लीत झोके बांधलेले, पोरी गाणी म्हणताहेत, घराघरांत आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या. मीही केल्या. सासरे पाटावर बसले, घास रसात बुडवला आणि हात तिथंच थांबला. मग ताडकन उठून परसात गेले. मागे वळून मला विचारतात, "सुनबाई, ते फिजी कोन्या बाजूले शे?"

मी आपलं अंदाजानं पूर्वेला बोट केलं.

कडुनिंबाखाली उभं राहून म्हाताऱ्यानं जी आरोळी ठोकली! "रघ्याऽऽ! सुटनी रेऽऽ! शपथ सुटनी! खाय! जो देई त्याना हातनं खाय!" झोक्यावरच्या पोरी थांबल्या. चंपाबेन धावत आल्या. समोरचे शाळामास्तर, आमच्या दुकानाचा गाळा त्यांचाच, अर्ध्या जेवणावरून उठून आले. भर दुपारी एवढा आरडाओरडा म्हणजे त्यांना वाटलं चोर शिरला.

सासरे मात्र डोळे मिटून उभे. हळूहळू त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू... म्हणाले, "जेवी ऱ्हायना तो."

"कोण?"

"मन्हा पोऱ्या! लांब बाकवर बठेल शे. कंदील लायेल शे. पांढरा रसमा कसाना तरी पाला शे. बाजूले एक धिप्पाड गडी, कानवर लाल फूल खोसेल! आपला वाटानं त्याना ताटमा टाकी ऱ्हायना, हासी ऱ्हायना."

सगळे खो खो हसले. कानावर फूल, आणि भर दुपारी कंदील! हसले नाहीत ते एकटे मास्तर. ते म्हणाले, "आपल्याकडे दुपार असते ना, तेव्हा तिकडे दिवेलागण झालेली असते." मी विचारलं, सासऱ्यांना हे तुम्ही कधी शिकवलंत? ते म्हणाले, "मी? ते माझ्याशी गाळ्याच्या भाड्यापलीकडे बोलतात कुठे!"

सासऱ्यांनी त्या दिवशी सहा पुरणपोळ्या खाल्ल्या. मी मोजल्या नाहीत, चंपाबेननी मोजल्या. त्याच संध्याकाळी मी यांना सगळं लिहून पत्र टाकलं.

आमचं पत्र अजून समुद्रातच असणार, तोवर यांचं आलं. माझ्या नावानं! मी सासऱ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लागले.

"आज आखाजी. घरची फार आठवण आली. संध्याकाळी खोलीवर केळं सोलत होतो आणि बाबांनी हाक मारली, सुटनी रे म्हणून. इतकी स्पष्ट की मी दार उघडून पाहिलं. मग पायच ओढत घेऊन गेले म्हातारीच्या खानावळीत. बाकावर सगळ्या जातींची, सगळ्या देशांची माणसं. अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेली. शेजारी गोदीतला एक हमाल, इथला मूळचा, कानावर जास्वंद. माझी पानं संपली तशी त्यानं आपली माझ्या ताटात लोटली. किती महिन्यांनी पोट भरलं! पण हे बाबांना वाचून दाखवू नकोस. मी त्यांची शपथ मोडली..."

इथवर वाचलं आणि मी कागद झटकन पदराखाली लपवला. काय करून बसले मी! भीतभीत वर पाहिलं तर सासरे पागोट्यानं डोळे पुसत हसताहेत.

"त्यानी कोठे मोडी? मी सोडी दिन्ही व्हती ना!"

मास्तरांनी नंतर योगायोग, मनाचे खेळ असं बरंच समजावलं. मगनभाईच्या पत्रात खानावळ होतीच, हेही खरं. पण कंदिलाचं काय? फुलाचं काय? इतकी वर्षं मी डोकं खाजवतेय. पटण्यासारखं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

सासऱ्यांना मात्र उत्तराची गरजच वाटली नाही. त्यांनी लगेच मला दौत-टाक घेऊन बसवलं आणि सांगायला लागले, "लिख. आते त्या चिनीकडे बी जाय, पंजाबीकडे बी जाय, मद्राशीकडे बी जाय. अनी कोठे काय कसं लागस, ते माले सगळं लिखी धाड."