घट्ट पट्टी आणि बॅटरीची स्कूटर

“हड्डी की फिकर नहीं, बहन. पहले पैर बचाना है,” असं डॉक्टर म्हणाले. माझ्या सोळा वर्षांच्या वैशालीला काय झालंय ते त्यांनी कागदावर लिहिलं: कंपार्टमेंट सिंड्रोम. म्हणजे पोटरीच्या आत दाब इतका वाढतो की रक्त पुढे जात नाही आणि मांस मरायला लागतं. वेळेत इलाज झाला नाही तर पाय कापावा लागतो.

मूळ सगळं त्या स्कूटरपाशी. नव्वदीच्या त्या वर्षांत बॅटरीवर चालणारी स्कूटर सुरतेत औषधालाही सापडत नव्हती. आमचे हे तिथल्या पांडेसरा भागात कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये वायरमन. शेठकडे तसली एक धूळ खात पडली होती, ती यांनी मागून आणली, दुरुस्त केली आणि लेकीला क्लासला जायला दिली. पोरगी आठवडाभर हवेतच होती.

त्या सकाळी मला दारापुढचा ओटा धुवायचा होता. स्कूटर बाजूला घे, असं मीच तिला सांगितलं. चावी चालूच राहिलेली, पण गाडीला आवाजच नाही, तर कळणार कसं? तिने हँडल धरलं, मूठ पिरगळली गेली, गाडी उसळून ओट्यावर आपटली आणि तिच्या नडगीवर पडली.

दवाखाना सोडून मी तिला भेस्तानला नेलं, आमच्या शिरपूरकडच्या हाडवैद्याकडे. आपला माणूस, आपली भाषा. त्यांनी लेप लावला, बांबूच्या पट्ट्या ठेवून करकचून बांधलं आणि सात दिवस सोडायचं नाही म्हणून बजावलं. दुपारपासून पोर तळमळत होती. मी आपली म्हणतेय, सहन कर, हाड बसतंय. चारच्या सुमाराला ती म्हणाली, “माय, माले पायना बोटं कळतस नहीत.” मला वाटलं, नाटकं करते.

संध्याकाळी हे ड्यूटीवरून आले. तिला डोळे मिटायला लावून एकेक बोट चिमटीत धरलं आणि विचारलं, कोणतं? वायर तपासतात तसं. तिला एकही सांगता आलं नाही. यांनी खिशातून कटर काढला तेव्हा मी त्यांचा हात धरला, सात दिवस कुठे झाले म्हणून. त्यांनी माझं ऐकलं नाही. पट्टी कापली आणि रिक्षा करून थेट हॉस्पिटल गाठलं.

तासाभरात फॅसिओटॉमी झाली. यात पोटरीला लांब चिरा देऊन आतला दाब मोकळा करतात आणि जखम काही दिवस उघडीच ठेवतात. रोज सकाळी डॉक्टर बोटं हलवायला सांगत. बोटं हलत नसत. “देखते हैं,” एवढंच म्हणून ते पुढच्या खाटेकडे जात. मी बाहेरच्या बाकावर बसून स्वतःला शिव्या घालत होते.

आयांनो, बांधलेल्या हाताची किंवा पायाची बोटं गार पडली, बधिर झाली, कळ वाढतच गेली, तर कुणी किती दिवस सांगितलेत ते मोजत बसू नका. आणि पोरांचं खरं माना.

आज वैशाली जराशी लंगडते, पण स्वतःच्या दोन पायांवर चालते. त्या डॉक्टरांचे, वॉर्डातल्या नर्सबाईंचे आणि माझं न ऐकणाऱ्या माझ्या नवऱ्याचे उपकार मी कधी फेडणार?

ऑपरेशननंतर नवव्या दिवशी ड्रेसिंग करताना नर्सबाईंच्या हातून तिच्या पायाचा तो बधिर अंगठा ओढला गेला. वैशाली कळवळून ओरडली, “माय, दुखस!” नर्सबाई माझ्याकडे बघून हसल्या. घरी जाऊन मी देवापुढे साखर ठेवली, माझ्या लेकीला दुखलं म्हणून.