एक्केचाळीस उलटे वेढे

इस्पितळातल्या प्लास्टरमामाने सव्वीस वर्षं लोकांची मोडलेली हाडं जागेवर बसवली. तो डावखुरा. त्याच्या पट्टीचे वेढे इतरांच्या उलट फिरत. "मामाचं घड्याळ उलटं चालतं," असं नर्सबाई म्हणायच्या. प्लास्टर झालं की तो कडेतून एक बोट आत सरकवून बघायचा. बोट गेलं नाही तर कापून पुन्हा घालायचा, मग बाहेर कितीही रांग असो.

शिकाऊ डॉक्टरला प्लास्टरने हात भरवून घ्यायचा कंटाळा. "मामा, घाल तूच. माझा शर्ट नवा आहे." मामा घालायचा, डॉक्टर मोबाइलवर फोटो काढायचा. मामाला वाटायचं, हौस असेल.

एका दुपारी मामा जेवायला गेला असताना डॉक्टरने एका सुताराच्या हाताला स्वतः प्लास्टर घातलं. दुसऱ्या सकाळी सुतार आला तो निळी बोटं घेऊन. मामाने कात्री उचलली आणि प्लास्टर उभं चिरलं. बोटं वाचली. चिरताना त्याला वेढे दिसले. सरळ होते. पण तोवर पुरावा त्याच्याच कात्रीने कापला गेला होता. डॉक्टरने लिहून दिलं की ते घट्ट प्लास्टर मामाने घातलं. मामाची रवानगी स्ट्रेचर ढकलायला झाली.

आठ महिने तो स्ट्रेचर ढकलत राहिला. बायको म्हणाली, "अहो, सोडून द्या आता."

"प्लास्टर वाळायला वेळ लागतो," तो म्हणाला.

मग डॉक्टरच्या मूल्यमापनाची वेळ आली. शिकाऊ डॉक्टरने स्वतःच्या हाताने केलेलं प्रत्येक काम त्याच दिवशी फोटोसकट ऑनलाइन पोर्टफोलिओत चढवायचं, असा नियम. एकदा चढवलं की पुसता येत नसे. सोबत काम केलेल्यांचं मतही त्यात लिहावं लागे. म्हणून विभागप्रमुख असलेल्या मोठ्या मॅडमनी मामाला बोलावलं. डॉक्टर शेजारी पाय पसरून बसला होता.

"मामा, यांनी बेचाळीस प्लास्टरं घातलीत. तुमचं मत सांगा."

"फोटो मोठे करता का?"

मॅडमनी केले. मामा एकेक बघत गेला. घाई केली नाही. सुख पुरवून घेत होता.

"बघा मॅडम, पट्टी कुठून कुठे वळते. उलटी. मी डावखुरा. हे डॉक्टर उजवे."

"म्हणजे?"

"एक्केचाळीस माझी. हे एक यांचं." त्याने पडद्यावर बोट टेकवलं. "तारीख वाचा. सुताराचं."

डॉक्टरने पाय जवळ घेतले. "मॅडम, हा माणूस..."

"तुम्ही गप्प बसा," मॅडम म्हणाल्या.

मामाला त्याची खोली परत मिळाली. डॉक्टरचं वर्ष लांबलं. सरावाच्या रबरी हातावर एक्केचाळीस प्लास्टरं घालायची आणि मामाने प्रत्येक तपासायचं, असं ठरलं. मामा बोट घालून बघायचा.

"काढा. परत."

"अहो मामा, बोट जातंय की!"

"अर्धं जातंय. परत."

एकेकाला चार-चार दिवस लागले. मामाला दया आली नाही, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही. शेवटी एक्केचाळिसावं पसंत पडलं. डॉक्टर हात धुवायला उठला.

"बसा. बेचाळिसावं राहिलं," मामा म्हणाला. त्याने बाही वर सारून स्वतःचा डावा हात टेबलावर ठेवला. "घाला. या वेळी घट्ट झालं तर मी लिहून देईन."