पहिल्या भावाला नाय

पेपरात आलं, मुरबे गावच्या कोळणीने ग्रँडमास्टरला हरवलं. समोरचा ड्रॉ देत होता, पण हिने घेतला नाय, काय ती हिंमत, वाघीण हाय वाघीण! कपाळ तुमचं. तुमी होता काय तिथे? मी रंभा मेहेर, बोईसरच्या बाजारात त्या कोळणीच्या, म्हणजे पूर्वी तामोरेच्या शेजारी मासळीची पाटी मांडून बसते. ती मला मावशी बोलते. आता खरं काय झालं ते माझ्याकडून ऐका.

तिचा बाप वामनदादा जन्मभर बोटीवर गेला. जाळं टाकलं की ते भरेपर्यंत वाट बघायची, तेवढ्या वेळात बाकीचे खलाशी पत्ते कुटायचे, आणि हा एकटा बुद्धिबळाचा पट उघडून बसायचा. पूर्वीची आई लवकर गेली. मग घरात दोघंच. सकाळी मासळी आणि संध्याकाळी ओटीवर पट, असंच त्या पोरीचं आयुष्य गेलं. लग्नाचं विचारलं की बोलायची, बाबांना कोण बघणार? मला त्या खेळातलं काडीचं कळत नाय. मी आपली चिडवायची, "ए बाय, ह्या लाकडाच्या घोड्यांनी पोट भरतं काय?" ती पापलेटावर पाणी शिंपडत बोलायची, "मावशी, तुझं तोंड सुरू झालं की माझा घोडापण पळून जातो."

पण खेळायची भारी. आधी जिल्ह्यात पहिली आली, मग राज्यात बायकांमध्ये जिंकली. कुठेही खेळून आली की घरी पोचल्यावर हात-पाय धुवायच्या आधी बापाजवळ बसायची आणि अख्खा डाव तोंडी सांगायची. वामनदादा डोळे मिटून ऐकायचा. मधेच बोट वर करायचा, "थांब, तुझा उंट कुठे होता तेव्हा?" दोघं अशी रंगायची की चुलीवरचं कालवण करपायचं, तरी पत्ता नाय. वामनदादाला आयुष्यात दुसरी हौसच नव्हती हो.

पुढे त्याला पोटाचा कॅन्सर निघाला. त्याच वेळी ठाण्याला ती मोठी स्पर्धा होती, परदेशातले ग्रँडमास्टर आलेले, आणि राज्यात जिंकली म्हणून पूर्वीला तिथे जागा मिळाली होती. ती रोज जाऊन-येऊन खेळायची आणि पालघरच्या दवाखान्यात येऊन बापाला डाव सांगायची. कोण कोण मोठमोठे हिच्यापुढे अडकले, आणि शेवटच्या डावाला हिच्यासमोर एक नावाजलेला परदेशी ग्रँडमास्टर आला. आणि नेमकं आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता काय भरवसा नाय, घरच्यांनी जवळ राहा.

सकाळी पूर्वी बोलली, "मी जात नाय." वामनदादाने तिचा हात धरला. त्याला बोलतानापण धाप लागत होती. बोलला, "जा तू. त्याच्याशी बरोबरी झाली तरी लय झालं. ड्रॉ देईल तर घे आणि लगेच ये. मला ऐकायचाय हा डाव." ती बोलली, "घेते, बाबा. दुपारच्या गाडीने येते." मी तिथेच उभी होते. माझ्या कानांनी ऐकलंय मी हे.

आता बाजाराची गोष्ट सांगते, नायतर तुमाला काय कळणार नाय. गिऱ्हाईक पहिला भाव बोललं की आमच्या तोंडातून नाय निघतं. भाव चांगला असला तरी नाय. विचार करून नाय हो, आपोआपच निघतं, लहानपणापासून आईच्या मागे बसून ऐकलेलं असतं. मग गिऱ्हाईक फणकारतं, दोन पावलं पुढे जातं आणि मागे फिरतं. फिरून आलं की हो बोलायचं. मधल्या वेळात आपण हाक मारायची नाय. जी हाक मारते तिला बाकीच्या दिवसभर हसतात. त्यामुळे गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण आमी मान खाली घालून मासे नीट करत बसतो.

तिकडे ठाण्याला दुपार व्हायच्या आधीच त्या ग्रँडमास्टरच्या लक्षात आलं की ही काय हलत नाय. त्याने हात पुढे केला आणि बोलला, "ड्रॉ?" आणि माझ्या लेकराच्या तोंडातून निघालं, "नाय!"

तिने नंतर मला सांगितलं, "मावशी, माझंच मला ऐकू आलं तेव्हा मी गार पडले." मी विचारलं, "मग बाय, तू उलट ड्रॉ का नाय मागितलास? तुलापण मागता येतो ना?" तर बोलते, "मला वाटलं, तो परत विचारेल. आता विचारेल, मग विचारेल. मी मान खाली घालून बसले." काय करायचं सांगा ह्या पोरीला! अगो, तो काय बोईसरचं गिऱ्हाईक होता? त्याला राग आला. बाजारात बसणारी बाई आपल्याला नाय बोलते म्हणजे काय! तो जिंकायलाच निघाला. त्या नादात त्याने हत्ती भलतीकडे नेला, त्याचा राजा उघडा पडला, आणि हिचं एक प्यादं पुढे पुढे सरकत शेवटच्या घरात पोचलं आणि प्याद्याचा वजीर झाला. संध्याकाळ होता होता त्याने हार मानून हात दिला. लोक धावले, फोटो काढले, तिला खांद्यावर घ्यायचंच बाकी होतं.

मोबाईल आत नेऊ देत नाय. तो बाहेर जमा. मी दुपारपासून लावतेय, लावतेय, तो तिकडे खोक्यात वाजतोय.

इकडे वामनदादा दाराकडे तोंड करून पडला होता. दार वाजलं की विचारायचा, "आली काय?" नर्स असायची. पुन्हा दार वाजलं की, "आली काय?" मी बोलायची, "येतेय दादा, गाडीत बसली." मग त्याने विचारायचं सोडलं, नुसता माझ्याकडे बघायचा. उन्हं कलली तेव्हा गेला.

पूर्वी बक्षीस न घेताच धावत आली. मी दारातच होते. माझ्या तोंडाकडे बघून ती समजली. बोलली, "माझं विचारलं काय त्यांनी? खरं सांग मावशी, तुला माझी शपथ." शपथ घातल्यावर काय करू? सांगितलं. ती रडली नाय. बापाचे पाय चादरीखाली नीट केले आणि स्टुलावर बसली. स्मशानात रडली नाय, दिवस घातले तेव्हाही नाय. बाजारात यायला लागली, पण भाव सांगायचं काम मलाच करावं लागायचं. गिऱ्हाईक काय बोललं की ती नुसती बघत राहायची.

मग बोईसरला तिचा सत्कार ठेवला. मी बोलले होते, नको जाऊस, पण शाळेची पोरं घरी बोलवायला आली, त्यांना ती नाय बोलू शकली नाय. स्टेजवर शाल, नारळ, फुलं. पाहुणे माईकवर सांगतात, "मुलांनो, समोरून ड्रॉ आला होता! दुसऱ्या कोणीही घेतला असता. पण हिने ठामपणे नाही म्हटलं. हे शिका!" पोरं टाळ्या वाजवतायत. मग तिच्या हातात माईक दिला.

ती बोलली, "मला हो बोलायचं होतं. चुकून नाय गेलं तोंडातून. माझे बाबा वाट बघत होते."

पाहुणे हसले. "बघा, केवढा हा साधेपणा!" बोलले आणि त्यांनीच टाळी सुरू केली. अख्खा हॉल टाळ्या वाजवायला लागला, पोरं शिट्ट्या मारायला लागली. ती माईक धरून उभी, पुढे बोलतेय ते कोणाला ऐकू जात नाय. माझं डोकं फिरलं. मी खुर्चीवरून उठून ओरडले, "अरे गप बसा मेल्यांनो! तिचा बाप मेलाय त्या डावात!"

पूर्वीने माईक खाली ठेवला आणि शाल तोंडात कोंबून तिथेच स्टेजवर बसली, आणि रडली.