आधी तुम्ही!

सात वर्षांपूर्वी मी अवघी साठीची होते, म्हणजे अक्कल कच्चीच. जळगावपासून तासाभरावरच्या धरणावर नौदलातून निवृत्त झालेल्या एका नानांनी शिडाच्या लहान होड्या आणल्या होत्या. सगळ्या एकाच साच्यातल्या. होडीला एक शीड, होडीत एक माणूस. हरलात तर दोष द्यायला दुसरं कुणी नाही. शाळेतून निवृत्त होऊन घरात येरझारा घालणारी मी एका रविवारी तिथे गेले आणि चिकटलेच.

त्या हिवाळ्यात मुंबईला ज्येष्ठांच्या शर्यतीसाठी आमच्यातून एकालाच पाठवायचं होतं. शर्यत खऱ्या समुद्रावर! यावलच्या केळीबागांत वाढलेली मी. समुद्र पाहिला तो काठावरून, भेळ खात. आठवडाभर जीव थाऱ्यावर नव्हता. कुकरची वाफ डावीकडे गेली की ओट्यापाशी मी उजवीकडे झुके.

निवडीच्या शर्यतीत पुढे दोघंच उरलो. मी आणि माझे चाळीसगावचे व्याही, लेकीचे सासरे. हा नाद त्यांना लावला कुणी? मीच, शहाणीने.

शेवटच्या बोयाजवळ, म्हणजे वळायच्या तरंगत्या खुणेजवळ, ते डावीकडून आडवे आले. नियम सरळ आहे. उजव्या अंगाने वारा ज्याला, हक्क त्याचा. दुसऱ्याने वाट द्यायची. वारा माझ्या उजव्या कानात शिरत होता. नुसतं ओरडायचं होतं. आणि मी काय केलं? लग्नातल्या पंगतीपासून अंगात मुरलेलं, की मुलाकडचे आधी. हाताने सुकाणू ढकललं आणि तोंडाने चक्क म्हटलं, "या ना, आधी तुम्ही!"

"वा इहीनबाई!" आपल्या अहिराणीत म्हणत ते गेलेसुद्धा.

काठावर नानांनी मला गाठलं. "अक्का, हक्क तुमचा होता. धडक टाळायला वळलात का? तसं असेल तर ते बाद, मुंबईला तुम्ही."

एक 'हो' पुरला असता. ओल्या चपलांत मी पाय बदलत राहिले. व्याही बाही पिळत माझ्याकडे बघत होते.

"नाही हो," मी म्हटलं, "मध्ये वीस हात पाणी होतं. मी मुलीकडची, म्हणून वळले."

नानांनी कपाळाला हात लावला. "अक्का, पुस्तकात हे कलम नाही!"

लेक फोनवर कडाडली, "माझ्या नावावर हरलीस? लग्नाला बारा वर्षं झाली, आई! अजून मुलीकडची?"

व्याही मुंबईला जाऊन आले. मी त्यांना घरी बोलावलं, चहावर चहा दिला, उठू दिलं नाही. लाट केवढी? वारा फिरतो कसा? आडवं आलं की तिथले लोक वळतात का?

व्याह्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला, बराच विचार केला.

"पानी खारं शे," ते म्हणाले.