जांभळ्या साडीचा काठ

कोल्हारला मावशीच्या घरी राहून मी बी.ए. केलं. आमच्या गावात कॉलेज नव्हतं आणि एस.टी.च्या वेळा अशा, की सकाळचा पहिला तास मला कधी मिळालाच नसता. मावशी आईला म्हणाली, "ऱ्हाऊ दे तिला माझ्याकडं. दोन भाकरी जास्ती थापीन, त्याला काय लागतंय." आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. आज मी जी काही आहे, ती त्या भाकरींवर आहे, हे मी कुठंही सांगते.

मावशीला एकच मुलगी होती. माझ्याहून लहान. मी परीक्षेचं पाठ करत बसले की ती पुस्तक हातात घेऊन मला प्रश्न विचारायची आणि माझं उत्तर चुकलं की काही न बोलता पान माझ्याकडं फिरवायची. तिला स्वतःला बारावीनंतर घरी बसवलं. काका तोवर वारले होते. मावशीनं दोन म्हशींच्या दुधावर लग्न उरकलं आणि तिला कोपरगावकडच्या एका गावात दिलं.

तिचा मुलगा नुकता चालायला लागला होता तेव्हा ती विहिरीत सापडली. पाणी शेंदायला गेली, पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं. पोलिसांनी अकस्मात मृत्यू म्हणून नोंद केली. त्या विहिरीवर मोटार होती आणि घराच्या ओट्याला नळ. कळशी घेऊन विहिरीवर जायचं तिथं कुणालाच काम पडत नव्हतं. हे मावशी मला एकदाच बोलली, दहाव्याच्या आदल्या दिवशी. दहाव्याला दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसली आणि ठरलं, की मावशीनं तक्रार करायची नाही, आणि नातू दिवाळीला आणि मे महिन्यात आजीकडं धाडायचा. मी मध्ये बोलायला गेले तर मावशीनं माझा हात दाबला. नंतर म्हणाली, "ती काय माघारी यायची न्हाई. हाय त्यो तरी डोळ्याला दिसंल."

आणि नातू खरंच यायचा. दिवाळीत यायचा, मे महिन्यात यायचा, म्हशीच्या पाठीवर बसायचा हट्ट करायचा. मावशी बाकीचं वर्ष त्याच्या येण्याच्या आधारानं काढायची.

मी आता नगरला बायकांसाठी काम करणाऱ्या एका लहान संस्थेत आहे. आमच्याकडं येणाऱ्या आयांमध्ये अशा बऱ्याच होत्या. कुणाची लेक विहिरीत, कुणाची जळून, कुणाची औषध पिऊन. कागदावर सगळ्या अपघातानं गेलेल्या. त्यातल्याच एका आईनं सुचवलं की आपण पोरींच्या साड्यांची एक मोठी गोधडी शिवू, तुकड्या-तुकड्यावर एकेकीचं नाव घालू आणि ती घेऊन गावोगाव जाऊ. गोधडी बघायला माणसं जमतील, मग त्यांच्याशी बोलता येईल आणि अशा मरणांची नीट चौकशी व्हावी म्हणून सह्या घेता येतील. शिवायची जागा कोल्हारचं समाजमंदिर ठरली, कारण आम्हाला गोधडी शिकवायला तयार झालेल्या एक आजी कोल्हारच्याच होत्या.

या आजी चर्चच्या मागच्या आळीत राहायच्या. रविवारी सकाळी काम बंद, बाकी रोज त्या आधी येऊन सतरंजी झटकून बसलेल्या असायच्या. गोधडीचे तीन थर त्यांनी आम्हाला लावून दाखवले. खाली एक पदर, वर एक पदर आणि मधलं ते पोट. पोटात जुनेर घालायचं. ते कुणाला दिसत नाही, पण ऊब त्याचीच. चारी बाजूंनी बायका बसायच्या आणि कडेपासून आत टाके घालत यायच्या. रडणं पहिल्या दोन दिवसांत झालं. नंतर हात चालायला लागले तशी तोंडंही चालायला लागली.

"बी.ए.बाईचे टाके बघा," आजी माझ्या बाजूला बघून म्हणायच्या. "बैल मुतत गेल्यावानी."

"त्यांना शाईचं काम, सुईचं नव्हं," कुणीतरी माझी बाजू घ्यायचं.

"माझ्या नवऱ्याचा सदरा घाला गं पोटात," एक बाई म्हणाली. "तेवढाच तरी गप बसंल."

"घालू. पर रातच्याला गोधडीच घोरंल, त्याचं काय?"

हसता हसता एखादीची सुई थांबायची.

मावशी पहिल्या आठवड्यात आलीच नाही. नंतर एका दुपारी आली आणि कापडी पिशवीतून एक जांभळी साडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. मोहरी रंगाचा रुंद काठ, त्यावर बारीक चौकडे. मी ती ओळखली. डोहाळजेवणाला सासरकडून आलेली साडी. बाळंतपणानंतर सासरी जाताना बहीण ती माहेरीच ठेवून गेली होती, पुढच्या खेपेला नेसायला. तिच्या अंगाला लागलेलं मावशीकडं एवढंच उरलं होतं.

"वर न्हाई लावायची," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "नाव न्हाई घालायचं. पोटात घाला."

एका आईनं विचारलं, "असं का? आमी समद्यांनी नावं घातली की."

"तुमाला नातू हाय का तिकडं?"

त्या बाईनं मान खाली घातली. मावशी माझ्याकडं वळली. "तू काय शिकलीस ते मला ठाव हाय. तुला वाटत असंल, मावशी भ्याली. भ्यालेच हाय मी. दिवाळीला पोर आलं न्हाई तर मी काय करू, सांग."

नाव घालायचं की नाही हे ठरवणं तिच्याच हातात होतं, एवढं मला कळत होतं. गोधडीची एक बाजू अजून शिवायची होती, तिथं साडी पोटात गेली. मावशीनं स्वतःच्या हातानं ती पसरली, सुरकुत्या काढल्या, आणि तिच्यावर वरचा पदर आला तेव्हा ती उठून गेली. म्हशींची धार काढायची वेळ झाली होती.

पोटात घालण्याआधी आजींनी त्या साडीचा काठ कापून बाजूला ठेवला होता. काठ जाड असतो, सुई अडते, म्हणून तो पोटात घालत नाहीत. मावशीला तो घरी न्यायचा होता, पण ते ती कुणाला बोलली नव्हती. ती निघून गेल्यावर आजी तिथंच शिवत बसल्या, आणि गोधडीच्या एका बाजूच्या कडेला कापड पुरेना. गेलेल्या माणसाचं कापड एकदा उंबऱ्याबाहेर काढलं की परत घरात घेत नाहीत, ही आमच्याकडची जुनी रीत. चर्चमागच्या आळीतही तीच रीत आणि मावशीच्या आळीतही तीच. मावशी ती मोडून काठ नेईल असं आजींना वाटलंच नाही, म्हणून त्यांनी तो गोधडीच्या त्या बाजूला लावून टाकला. त्यांच्या मनात तो मान होता.

दुसऱ्या दिवशी मावशीनं तो बघितला. मी म्हणाले, "उसवून घेऊ का?"

आजींचा चेहरा उतरला. "मला वाटलं, बाई, माघारी कसा न्यायचा. चुकलं का माझं?"

मावशीनं त्या काठावरून हात फिरवला. कडेला टाके इतके बारीक बसले होते की उसवायचं म्हटलं तर काठच फाटला असता. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "काठाला काय तोंड हाय बोलायला?"

गोधडी पुरी झाली आणि आम्ही ती घेऊन फिरायला लागलो. काष्टीला बाजाराच्या दिवशी देवळासमोरच्या मंडपात ती टांगली तेव्हा भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका सावलीत थांबायच्या, नावं मोठ्यानं वाचायच्या आणि आपल्या गावातल्या एखाद्या मुलीचं नाव आमच्या कानात सांगायच्या. मावशी कुठंच आली नाही. पाऊसकाळ सरताना आम्ही कोपरगावला एका सभागृहात गोधडी लावली. आजूबाजूच्या गावांतल्या बचत गटांच्या बायका टेम्पोनं आल्या होत्या. त्यांत माझ्या बहिणीची नणंद होती, भावाच्याच घरी राहणारी.

तिनं मला आधी ओळखलं नाही. ती रांगेतून नावं वाचत आली, कडेला पोचली आणि थांबली. तिनं काठ हातात धरला, उलटा करून बघितला. मग माझ्याकडं बघितलं आणि ओळखलं.

"ह्यो काठ मी घेतलेला हाय," ती म्हणाली. "दुकानात दोन तास बसून मी निवडली हुती ती साडी."

मी सह्यांचा कागद बाजूला ठेवला.

"नाव कुठं हाय वैनीचं?"

"नाव नाही घातलं. मावशीनंच नको सांगितलं."

"मग काठ कशाला लावला?" तिचा आवाज चढलेला नव्हता. उलट ती घाबरल्यासारखी वाटली. बरोबरच्या बायका पुढं गेल्या होत्या, त्यांच्याकडं तिनं एकदा बघून घेतलं. "चांगली हुती वैनी," ती हळू म्हणाली आणि काठ सोडून निघाली. तिला थांबवावं असं मला फार वाटलं. पण थांबवून विचारायचं काय, आणि तिनं उत्तर दिलं असतं तर ती परत त्या घरात कशी गेली असती?

तिनं घरी सांगितलं की टेम्पोतल्या आणखी कुणी सांगितलं, ते मला माहीत नाही. दिवाळीला नातू आला नाही. मावशीनं वसुबारसेपासून वाट बघितली. भाऊबीज झाल्यावर करंज्यांचा डबा घेऊन ती एस.टी.नं त्या गावाला गेली. मी बरोबर जाते म्हणाले तर म्हणाली, "तू नको. तुला बघून आणखीच पेटतील."

जावई अंगणात उभा होता. त्यानं तिला ओट्यावरसुद्धा चढू दिलं नाही. "साडी टांगून गावभर फिरवली न्हवं?" तो म्हणाला. "आता त्या गोधडीलाच करंज्या खाऊ घाला." नातू खिडकीच्या गजाआड उभा होता. त्यानं हाक मारली नाही. मावशीला तेच फार लागलं. "शिकीवलंय त्याला," ती मला म्हणाली. "आजीला बघून पोर गप बसतं का कुठं?"

मे महिन्यातही तो आला नाही. ज्या वडीलधाऱ्यांनी दहाव्याला बोलणी केली होती त्यांच्याकडं मी गेले. एकानं चहा दिला आणि म्हणाला, "तुमी बायकांनी गोधडी काढली, आता आमाला कशाला मधी घालता?" दुसऱ्यानं फोन उचलणंच बंद केलं. आम्ही वकिलांना भेटलो. मुलाला भेटण्यासाठी अर्ज केला आहे, तारखा पडत आहेत. विहिरीच्या प्रकरणाची पुन्हा चौकशी व्हावी म्हणून मावशीनं वेगळा अर्ज दिला. त्यात तिनं पहिल्यांदाच मोटारीची आणि नळाची गोष्ट लिहून दिली, म्हणजे तिनं सांगितली आणि मी लिहिली. त्याचंही अजून काही झालेलं नाही.

तो अर्ज दिला त्याच दिवशी संध्याकाळी तिनं मला गोधडी घरी आणायला सांगितली. ओसरीत ती पसरली आणि काठाजवळची मोकळी जागा दाखवली. "हितं नाव काढ पेन्सिलीनं. मी भरते."

"मावशी, कोर्टात भेटीचा निकाल लागू दे आधी," मी म्हणाले. "हे बघून ते आणखी आडवे जातील."

"आणखी काय ऱ्हायलंय आडवं जायाचं?" तिनं सुईत दोरा घातला. "नाव न्हवतं तवा बी त्यांनी पोर ठिवून घेतलंच ना? मग निदान नाव तरी असू दे."

मी नाव काढलं. मावशीला अक्षरं येत नाहीत. प्रत्येक अक्षर झालं की ती विचारायची, हे काय झालं, आणि मी म्हणून दाखवायचे. मग तिनं सासरच्या गावाचं नावही खाली घालायला सांगितलं. बाकी कुणाच्या तुकड्यावर गाव नाही.

परवा नगरला गोधडी लावली तेव्हा मावशी पहिल्यांदा आमच्याबरोबर आली. दिवसभर काठाच्या बाजूला उभी राहिली, खुर्ची दिली तरी बसली नाही. दुपारी एक बाई कडेवर मूल घेऊन आली आणि नाव वाचून म्हणाली, "ही कोण तुमची?"

"लेक," मावशी म्हणाली. "विहिरीत पडली न्हाई ती."

बाईनं कडेवरचं मूल सावरलं आणि विचारलं, "मागं काय मूलबाळ?"

"हाय," मावशी म्हणाली. "तिकडं हाय."